अर्ध्या तासाचं दुखणं

सकाळी एका झटक्यात उठते, एल्डब्योर्ग म्हणाली,
रात्रभर उणे दहात उभी असली तरी.
एखाद्या घरी दोन तास मोडले, तरीही उठते.
पण फेरीच्या रांगेत अर्धा तास उभी केली
की झालं.
मागे मासळीचा ट्रक, त्याचा हॉर्न,
आणि मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय.

पियानो लावणारी बाई ती.
फ्योर्डच्या दोन्ही काठांवरच्या शाळा, चर्चं,
आणि कुणीच वाजवत नाही अशा दिवाणखान्यांतले पियानो
तिच्या कानावर चालतात.
गाडी अठ्ठ्याऐंशीची व्होल्व्हो, विटकरी,
मागच्या सीटवर नमद्याचे तुकडे, तारांची भेंडोळी.

भाच्याने आधीच सगळं बदलून पाहिलं होतं:
बॅटरी, प्लग, कॉइल, पंपाचा रिले,
एक सेन्सर तर दोनदा.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
पावत्या तिने रबर लावून आणल्या होत्या.
मी त्या न वाचता बाजूला ठेवल्या.
खरं तर वाचल्या. त्यातली एक माझ्याच गॅरेजची होती.

गेज जोडला. इंजिन तापू दिलं.
काटा तीनवर.
मग बंद केलं, आणि दोघं बघत उभे राहिलो.
काटा उतरायला लागला,
चोरासारखा नाही,
निरोप घेऊन उठलेल्या पाहुण्यासारखा.

दम धरत नाही, मी म्हणालो.
पेट्रोलने नळीत दाबाखाली वाट बघायची असते.
दाब गेला की तापल्या इंजिनावर ते उकळतं,
नळीभर वाफ होते,
आणि वाफ पाजून ही उठत नाही.
पुरती गार झाली की वाफ नाही, भांडण नाही.
म्हणून सकाळ निर्दोष.

आता दाब पळतो कुठून?
परतीचा पाइप चिमट्यात धरला. काटा उतरतच राहिला.
प्लग काढून पाहिले, चारही कोरडे.
मी पुढचं काही म्हणणार
तोवर ती मागच्या चाकाशी जमिनीवर आडवी झाली होती,
चांगला कोट घालून.

इथे, म्हणाली.
काहीतरी मागे जातंय. बारीक.
वर चढत जातं आणि विझतं.

मीही आडवा झालो.
डावा कान लावला, मग उजवा.
बाहेरचे सीगल ऐकू येत होते,
तेही बहुधा आठवणीतले.

येत नाही ऐकू?
काय, मी विचारलं.
ती बोलली नाही.
सैल तार कुठली ते शोधावं
तशी माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

चाळीस वर्षं मी गाड्या कानाने ओळखल्या.
वळणावर दिसायच्या आधी सांगायचो, कोण येतंय,
आणि त्याचं कुठलं बेअरिंग जातंय.
हा गेज मागच्या वर्षी घेतला.
बायकोला म्हटलं, आता काम शास्त्रशुद्ध करायचं.

पुढचा पाइप चिमटला. काटा थांबला.
तिचंच बरोबर:
पंपाच्या तोंडाशी एकेरी झडप, करंगळीच्या पेराएवढी,
आतली गोळी झिजलेली.
जायला दार, यायलाही तेच दार.
बदलायला चाळीस मिनिटं लागली,
त्यातली तीस एका गंजलेल्या नटाची.

पैसे देताना तिने बिलाच्या पाठीवर
बेर्गेनमधल्या कुणाचं नाव आणि नंबर लिहिला.
डॉक्टर असावा. तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
कागद गेजच्या डब्यात ठेवला.

फेरी उशिरा आली.
गॅरेजच्या दारातून खालची रांग दिसते.
तिने दिवे मालवले होते,
मागे नेमका मासळीचा ट्रक.
मी हात पुसत उभा राहिलो,
पुसून झाल्यावरही.
फेरीचं तोंड उघडलं.

सुरू झाल्याचा आवाज मला आला नाही.
धूर दिसला, पांढरा, थोडासाच.
मग ब्रेकचे लाल दिवे विझले.